शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाणारी गिटार

दुष्काळाच्या त्या वर्षी नगरमध्ये माझ्यासारखे बेकार पोत्याने सापडले असते. मी चोवीस वर्षांचा होतो, दोनदा नापास झालो होतो आणि मला धड येत होतं ते एकच, गिटार वाजवणं. आई नव्हती. वडील जामखेडकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. मी थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे राहत होतो. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिला मिळालेल्या एका खोलीत मधे चादर टांगून आम्ही दोघं राहायचो. शेजारपाजारच्या नर्सबाया मला पाहिलं की विचारायच्या, "काय, लागलं का कुठं?" मला त्यांचा इतका संताप यायचा की मी मागच्या दाराने ये-जा करायला लागलो.

अशात गावातल्या एका ऑर्केस्ट्राचा गिटारवाला मुंबईला निघून गेला. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मला चर्चमध्ये वाजवताना ऐकलं होतं. त्यांनी बोलावून घेतलं.

"हात बरा आहे तुमचा," ते म्हणाले. "पण असली डब्बा गिटार आमच्याकडे चालायची नाही. इलेक्ट्रिक पाहिजे, बाहेरची पाहिजे आणि एकाच बाजूला खाच असलेली पाहिजे."

मी विचारलं, एकाच बाजूला का?

"पोस्टर छापून झालंय," ते म्हणाले.

खरंच झालं होतं. पेंटरने कुठल्याशा परदेशी मासिकातलं चित्र बघून मानेपाशी एकाच अंगाला खाच असलेली, मधाच्या रंगाची गिटार काढली होती, आणि सगळ्या जिल्ह्यात ती भिंतींवर चिकटवायची होती. दोन्ही बाजूंना खाच असलेली, दोन शिंगांची गिटार घेऊन मी स्टेजवर आलो असतो तर लोकांनी म्हणे फसवलं म्हणून आरडाओरडा केला असता. मला हसू आलं नाही. पुढच्या गुरुवारपर्यंत गिटार आणली तर जागा माझी, नाहीतर संगमनेरचा एक जण तयारच होता.

जागा गेली असती तर रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं, हे वडिलांनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. अर्धा जिल्हा खडी फोडत होता, त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं. मला वाटत होती. जेवताना आक्का माझ्याकडे बघायची नाही, त्याने ती आणखी वाढायची.

परदेशी गिटार तेव्हा दुकानात जाऊन मागायची वस्तू नव्हती. पुण्यात एक होती, पण तिची किंमत ऐकून मी दुकानदाराला पाणी मागितलं. मग आक्कालाच आठवलं की आमच्या एका चुलत बहिणीचे यजमान बोटीवर खानसामा आहेत आणि रजेवर पुणतांब्याला आलेत. जपानातून ते काही ना काही आणतातच. आक्काने पुढच्या कोर्सच्या फीसाठी साठवलेले पैसे काढले आणि पदराच्या गाठीत बांधले. मी "नको, नको" म्हणालो, पण ते तोंडदेखलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. गोदावरीत नुसते दगड दिसत होते. दाजी ओसरीत बनियनवर बसले होते. सलाम, ख्यालीखुशाली, चहा, सगळं झालं आणि त्यांनी पलंगाखालून दोन गिटारी ओढून काढल्या. दोन्ही एका खाचेच्या! दोन्ही मधाच्या रंगाच्या! फरक एवढाच, एक चांगलीच जड होती आणि दुसरी हलकी.

"दोन्ही एकाच भावात देतो," दाजी म्हणाले. "मला त्यातलं काय बी कळत न्हाई. मी भात शिजवनारा मानूस. तुमी वाजवनारे, तुमीच निवडा."

अडचण अशी की अँप्लिफायर नावाचं यंत्र त्या गावात नव्हतं, आणि त्याच्याशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे बिनपाण्याचा नळ. पण मी हटणार कसा? मला निवडायची एक पद्धत माहीत होती. आमच्या खेड्यातल्या देवळात, म्हणजे आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो, माईक नव्हता. भजनाला पेटी आणि गिटार असायची, आणि वडील सगळ्यात मागे जाऊन उभे राहायचे. शेवटच्या बाकावर ऐकू गेलं तर वाद्य चांगलं, नाही गेलं तर ते बाजूला ठेवायचं. आमच्या मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या हीच परीक्षा होती आणि तिच्यावर कुणी शंका घेतली नव्हती.

मी आक्काला अंगणाच्या टोकाला, गोठ्यापाशी उभं केलं आणि ओसरीतून आधी जड गिटार वाजवली. तिने मान हलवली, ऐकू आलं नाही. मग हलकी वाजवली. तिने हात वर केला. मी लाकडावर टिचक्या मारून पाहिल्या. हलकी घुमत होती, जड नुसती टक् म्हणायची. मग मी गिटारच्या डोक्यावर दात टेकवून तारा छेडल्या, हाडातून सूर कळतो म्हणून. दाजींच्या आईने हे बघितलं आणि ती घरात निघून गेली.

आक्का परत आली. तिने दोन्ही गिटारी एकेक करून उचलल्या, जन्मलेलं मूल काट्यावर ठेवण्याआधी नर्स हातात तोलते तशा. जड गिटार तिने बराच वेळ खाली ठेवली नाही.

"ही घे," ती म्हणाली. "ही भरलेली हाय. त्या दुसरीत नुसती हवा हाय."

"अगं, तुला ऐकू तरी आली का ही?"

"न्हाई आली. पण ही चांगली हाय."

एका मिनिटात मी इतका चिडलो की बोललो, "आक्का, तुला इंजेक्शनं कळतात. गिटारीतलं तुला काय कळतंय?"

दाजी हसले. आक्काने पदराची गाठ सोडली. मी हलकी गिटार घेतली.

त्या चार दिवसांइतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. आक्काने दवाखान्याच्या फाटक्या चादरीची खोळ शिवली. तिच्यावर दवाखान्याचा निळा शिक्का नेमका मधोमध आला होता. नर्सबायांसाठी मी ओट्यावर बसून ख्रिसमसची गाणी वाजवली आणि पुढच्या दाराने ये-जा सुरू केली.

गुरुवारी एका मंगल कार्यालयात ऑर्केस्ट्राची तालीम होती. मी वायर खोचली, बटण फिरवलं, एक सूर काढला. सुंदर! मालक खूश. मग ड्रमवाल्याने ठेका धरला, भोंगे मोठे झाले, आणि माझ्या गिटारने एकदम शिट्टी मारली. मी तारांवर हात दाबला. शिट्टी वाढली. मी मागे सरकलो, वळलो, बटणं पिळली. गिटार कुकरसारखी किंचाळतच राहिली. सॅक्सोफोनवाल्याने कान झाकले. मालकांनी हातानेच सगळ्यांना थांबवलं, उठून आले आणि गिटारवर टिचकी मारली.

"आतून पोकळ आहे हो ही," ते म्हणाले. "भोंग्यातला आवाज हिच्या पोटात शिरतो आणि परत भोंग्यातून बाहेर येतो. इलेक्ट्रिक गिटार भरीव पाहिजे, जड पाहिजे. घेताना बघितली नाही का?"

जड तर आक्काने माझ्या हातात दिली होती. मी हात जोडले, अक्षरशः जोडले, आणि म्हणालो, बदलून आणतो. माणूस भला होता. रविवारपर्यंत थांबतो म्हणाला.

शुक्रवारी मी एकटाच पुणतांब्याला गेलो. स्टेशनपासून पळत गेलो. दाजी त्याच ओसरीत त्याच बनियनवर बसले होते. मी म्हणालो, दाजी, मला ती दुसरी द्या, ही ठेवून घ्या.

"ती काल गेली की," ते म्हणाले. "पुन्याचा एक पोरगा आल्ता. मी त्याला खरं खरं सांगितलं बगा. म्हनलं, हितं एक जानकार मानूस येऊन गेला, त्यानं ही नाकारली, म्हनून तुला कमी भावात देतो. उगं खोटं कशाला बोला?"

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. दाजींना वाटलं मला ऊन लागलं, त्यांनी पाणी आणलं. त्या पायरीवर मी जितका हताश झालो तितका पुढे आयुष्यात फार वेळा झालो नाही, आणि पुढे बरंच काही वाईट झालं. माझा राग संगमनेरवाल्यावर नव्हता, दाजींवर नव्हता, पुण्याच्या पोरावर तर नव्हताच. मला माझं तोंड फोडून घ्यावंसं वाटत होतं. "तुला काय कळतंय" हे तीन शब्द रेल्वेच्या डब्यातही माझ्याबरोबर आले.

घरी आलो तर आक्का दारात उभी. गुरुवारी तिची रात्रपाळी होती, त्यामुळे आमची गाठच पडली नव्हती. तिने पेढे आणले होते. मागे दोन नर्सबाया उभ्या होत्या.

"घेतलं न्हवं तुला?" तिने विचारलं.

"घेतलं," मी म्हणालो.

हे कसं बोललो ते मला आजही सांगता येत नाही. तिने माझ्या तोंडात पेढा घातला आणि मी तो गिळला.

खोटं एकदा बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं. सीझन आहे, दिवसभर तालीम असते, असं सांगून मी सोमवारपासून खोळ खांद्याला लावून निघायला लागलो. गिटार एका ओळखीच्या सायकल दुकानात टाकायची आणि तिथून जामखेड रोडच्या कामावर. मुकादमाने नाव लिहून घेतलं, हातोडा दिला. शेजारी श्रीगोंद्याकडची एक म्हातारी बसायची. तिने मला दगड कुठून फोडायचा ते दाखवलं, कारण मला तेही येत नव्हतं. संध्याकाळी नळावर तोंड-हात धुऊन, गिटार उचलून, मी कलावंतासारखा घरी यायचो. मालकांनी पहिल्या आठवड्याचे पैसे दिले असं सांगून मजुरी आक्काच्या हातात ठेवली. तिने ती कपाळाला लावली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. खरं सांगावं असं रोज ठरवायचो आणि रोज तिचा चेहरा बघून गप्प बसायचो.

तिसऱ्या आठवड्यात हाताला फोड आले, फुटले आणि चिघळले. मी हात लपवत होतो, पण भाकरी मोडताना नर्सपासून हात किती वेळ लपवणार? तिने ताट बाजूला सारलं, औषधाचा डबा काढला आणि माझा हात मांडीवर ओढून घेतला.

"तारांनी झालं," मी म्हणालो. "नव्या तारा लई कडक असतात."

उजवा हात होता. फोड तळव्याला होते. ती लहानपणापासून मला वाजवताना बघत होती, तारा कुठल्या हाताच्या कुठल्या बोटांना टोचतात ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिने जखम धुतली. आतली दगडाची बारीक कच चिमट्याने एकेक करून काढली आणि वाटीत टाकली. मलम लावलं. पट्टी बांधताना तिने मान वर केली नाही.

"उद्यापासनं सांगून जात जा," ती म्हणाली. "डबा तरी देईन."

मी चोवीस वर्षांचा बाप्या, तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडलो आणि गिटारच्या शिट्टीपासून सगळं सांगून टाकलं. ती माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली, आणि ती जड गिटार घ्यायला हवी होती, हे तेव्हा म्हणाली नाही आणि नंतरही कधी म्हणाली नाही.