सोमाच्या घरातून दिलेली ओ

जव्हारला पावसाळ्यात सगळेच जातात. धबधब्यासमोर हात पसरून फोटो काढतात, भजी खातात आणि परततात. आम्हाला जायचं होतं होळीच्या आधी, जंगल वाळून करकरीत झालेलं असताना. ‘आम्हाला’ म्हणजे मला. मुग्धा, माझी बायको, म्हणाली, “पानं नाहीत, पाणी नाही, मग बघायचं काय?” तरी सॅक तिनेच भरली.

कल्याणहून भिवंडी-वाडा मार्गे जव्हारची एसटी मिळते. वाड्यानंतर रस्ता वळणं घ्यायला लागतो, तेव्हा पोट हलकं ठेवा. एक रात्र जव्हारमध्ये काढली आणि सकाळी मोखाड्याची जीप धरली. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली म्हणजे काय ते ड्रायव्हरच ठरवतो. माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती. शेजारच्या बाईंनी कॅमेरा पाहून विचारलं, “वावर-वांगणीला का? कुपोषणाचे फोटो काढायला?” मी नाही म्हणालो, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

मोखाड्यात बाजाराचा दिवस होता. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, काकडी इथेच घ्या. पुढे दुकान नाही. चहाच्या टपरीवर किसन भेटला. चाळिशीचा, खांद्यावर मिठाची पिशवी. त्याचा पाडा नदीच्या अलीकडे होता आणि आम्हाला जायचं होतं पलीकडे. अर्ध्या वाटेपर्यंत तो सोबत आला. सागाच्या वाळक्या पानांतून चालताना असा आवाज होत होता की मागून कोणी येत असलं तरी कळलं नसतं. मी दोनदा मागे वळून पाहिलं. मुग्धाने चारदा पाहिलं, पण ते ती कबूल करत नाही.

एका उंबराखाली शेंदूर लावलेली लाकडी फळी होती, वर वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेले. किसनने चिमूटभर मीठ तिथे ठेवलं आणि समोरच्या दरीकडे बोट केलं. “तो पाडा. पन आता तिथं कोनी नाय. सगले विटांच्या भट्टीवर गेले. होलीला येतील.”

“मग धूर कसला?” मुग्धाने विचारलं.

खाली कौलांतून धूर झिरपत होता. एका नाही, चांगल्या सहा-सात घरांतून. किसनने धुराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि “म्हातारी हाय एक,” एवढंच बोलून आपल्या वाटेला लागला.

उतरायला दुपार गेली. नदीत डबकी उरली होती, तेव्हा बूट काढावे लागले नाहीत. पाड्यावर पोचलो. अंगणं शेणाने सारवलेली, ताजी. दारांना बाहेरून कड्या. कुडाच्या भिंतींच्या फटीतून आतल्या चुलींचा लाल उजेड दिसत होता. कुत्रं नाही, मूल नाही, कोंबडंही नाही. मला विचाराल तर मी तेव्हाच परत फिरलो असतो, पण वर चढायचं त्राण नव्हतं.

शेवटच्या घरामागून एक आजी आली. हातात खापर, खापरात निखारे. आम्हाला पाहून ती दचकली नाही. “बसा,” म्हणाली, आणि पुढच्या घराची कडी काढून आत गेली. थोड्या वेळाने त्या कौलांतूनही धूर निघाला.

रोज सकाळ-संध्याकाळ ती असं घरोघर विस्तव नेत होती. का, ते तिने भाकरी थापता थापता सांगितलं. “घराला वाटला पायजे, मानसा हायत. नायतर घर मन काढून घेतं. मग मानूस येऊन बी उपेग नाय.”

नागलीची भाकरी, उडदाची आमटी, ठेचा. इतकं चविष्ट जेवण आणि इतकी भीती मी एकाच वेळी कधी अनुभवली नव्हती.

तिचा मुलगा सोमा. शेजारचंच घर त्याचं. गेल्या होळीला सगळे परतले, तो आला नाही. फोन लागत नाही. कुठल्या भट्टीवर आहे, कोणाला ठाऊक नाही. या पाड्याची रीत अशी की दुसऱ्या होळीलाही जो आला नाही, त्याच्या नावाचं लाकूड उंबराखाली रोवायचं. लाकूड रोवलं की तो मेल्यातला. मग घर उतरवायचं आणि वासे ज्याला लागतील त्याने न्यायचे.

“पन घरातून ओ येतेय तवर लाकूड नाय रोवायचा,” आजी म्हणाली.

दिवेलागणीला ती अंगणात उभी राहून सोमाला हाका मारायची. आतून कोणीतरी ओ द्यायला हवी. हाक मारणारा आणि ओ देणारा एकच असून चालत नाही. इतके दिवस शेजारचा म्हातारा आत बसून ओ देत होता. तो चार दिवसांपूर्वी आजारी पडला आणि लेकीने त्याला जव्हारला नेलं. तेव्हापासून घर मुकं होतं.

आजी माझ्याकडे पाहत राहिली. “तू देशील?”

मी मुग्धाकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

“पैल्या हाकेला नाय, दुसऱ्या हाकेला नाय,” आजीने बजावलं. “त्या दोन हाका कोनाच्या बी असतात. तिसरीला दे.”

“हा तुमच्या कामाचा,” मुग्धा म्हणाली. “तिसऱ्या हाकेशिवाय याला काही ऐकूच येत नाही.” त्या दिवसातलं ते आमचं एकमेव हसू.

सोमाच्या घरात मी एकटा आत गेलो. चूल नुकती पेटलेली. खुंटीवर त्याचा शर्ट, धुतलेला. कोपऱ्यात विळा, पात्याला तेल लावलेलं. दुसऱ्याच्या जागी बसल्यावर अंग चोरून बसतो तसा मी चुलीपाशी बसलो. बाहेरून हाक आली.

“सोमाऽऽ!”

मी गप्प. चुलीत काहीतरी तडकलं.

“सोमाऽऽऽ!”

मी ओठ आवळून धरले. हाक अशी होती की परक्या माणसाच्याही तोंडून ओ निघून जावी.

“सोमाऽऽऽ रे!”

“ओऽऽ!” मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही, पण भीतीने कोणाचाही आवाज बदलतो.

बाहेर आलो तेव्हा आजी पदराने डोळे पुसत होती. मुग्धा पांढरी पडली होती. झोपायच्या वेळी तिने हळूच विचारलं, “दुसऱ्या हाकेला का ओ दिलीस? तिने नको म्हटलं होतं ना?”

“दिली नाही.”

“मी ऐकली.”

समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनी आला असेल, असं आम्ही ठरवलं. आजीचीच हाक कड्यावर आपटून ओ होऊन कशी परत येईल, ते मात्र दोघांनीही विचारलं नाही.

सकाळी निघताना आजी म्हणाली, “भट्टीवर दिसला तर सांगजो, चूल पेटती हाय.”

वर चढून किसनच्या पाड्यावर पाणी प्यायला थांबलो आणि त्याला या रीतीबद्दल विचारलं. त्याने डोकं खाजवलं. “लाकडाची रीत हाय. हाकेची कुठं नाय. ती म्हातारीनंच काढली. पन तिच्या तोंडावर कोन सांगनार?” त्याने माझा नंबर घेतला. आमच्याकडे वारा आला की रेंज येते, म्हणाला.

परतीच्या एसटीतून वाड्याच्या पुढे विटांच्या भट्ट्या दिसायला लागल्या, आणि मुग्धा उठून उभी राहिली. आम्ही पुढच्या फाट्यावर उतरलो. भट्टीच्या कडेला उभं राहून मी हाक मारली. तिसऱ्या हाकेला धुरातून तीन ‘ओ’ आल्या. राखेने माखलेली तीन माणसं जवळ आली. तिघेही सोमा. तिघांनी एकच विचारलं, “घरून आलास का?” एक तलासरीचा, एक विक्रमगडचा, एक खोडाळ्याकडचा. आजीचा सोमा त्यांत नव्हता. तरी चूल पेटती असल्याचं मी तिघांनाही सांगितलं. काय करणार, निरोप तसाच घेऊन परत कसं जायचं?

होळी झाल्यावर किसनचा फोन आला. सोमा आला नाही. लाकूड कोरून तयार होतं, सगळा पाडा त्याच्या अंगणात जमला होता. आजी म्हणाली, आधी हाक मारू द्या.

“मग?”

“मारली. आतून ओ आली.”

“कोण होतं आत?”

“सगले अंगनातच होते, भाऊ. मी बी होतो.”

लाकूड रोवलं नाही. घर उभं आहे.

तुम्ही गेलात तर दिवसाउजेडी उतरा, पाणी भरपूर न्या आणि आजीसाठी मीठ न्या. आम्हाला कल्याणला येऊन बरेच दिवस झाले. बुटांत अडकलेली सागाची पानं मुग्धाने झटकून टाकली. आता ती स्वयंपाकघरातून हाक मारते, तेव्हा मी पहिल्याच हाकेला ओ देतो.