देवाची दारू आणि कोंबडी

तेंदूपत्त्याच्या दिवसांत मला मरायलाही सवड नसते. पहाटे जंगलात पानं तोडायची, दुपारी पुडे बांधायचे, संध्याकाळी ते मोजून द्यायचे. मधल्या वेळात बकऱ्या, पाणी, भात. त्यात एकच दिवस मी जंगलात जात नाही. त्या दिवशी मी देवाची दारू काढते. म्हणजे चुलीपुढे बसून राहते आणि मला कोणी ऊठ म्हणत नाही. देव मला आवडतो तो यासाठीच.

गावदेवाच्या पूजेला मोहाची दारू लागते. ती काढायची पाळी गेल्या वर्षी आमची होती. पुजाऱ्यानं वास घेतला आणि भर गावात म्हणाला, "बाई, देवाले सर्दी होईल." सगळे हसले. मी यंदाची पाळी भांडून घेतली. पुन्हा पाणचट निघाली तर पाळी जाणार आणि माझा बसायचा दिवसही जाणार.

खाली आंबवलेल्या मोहफुलांचं मडकं, सगळ्यात वर थंड पाण्याचं भांडं, मधल्या मडक्यात दारू ठिबकते. वरचं पाणी तापलं की बदलायचं. पाच वेळा बदललं की थांबायचं. पुढे नुसतं पाणीच येतं. आत बघता येत नाही, सांधे चिखलानं लिंपलेले असतात. म्हणून पाणी बदललं की दर वेळी मी सुपात तांदळाचा एक दाणा ठेवते.

माझी मोठी नणंद आमच्याकडेच राहते. मदतीला येऊन बसली आणि पुजारी कसा वास घेतो ते करून दाखवू लागली. मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. डोळे पुसून बघते तर सुपात कोंबडी.

"बाई, किती झाले होते?"

"चार."

"मले तं पाच वाटते."

"मंग पाच."

"तुमाले काई मोजता येते का नाई?"

"मले हासता येते. मोजाचं काम तुहं होतं."

मग तिनंच उपाय काढला. "काप कोंबडी. पोटातले दाणे मोज."

"सकाळीच तिले मूठभर तांदळाची कनकी टाकली. तिच्या पोटात पन्नास निघतील."

शेवटी मी मडकं उतरवलं. देवाआधी कोणी तोंड लावायचं नाही, अशी रीत आहे. नणंद म्हणाली, "इस्तवाले तोंड नसते. पाणचट असली तं जळनार नाई." चमचाभर दारू घेऊन ती चुलीपुढे वाकली आणि विस्तवावर टाकली. भक्कन जाळ उठला.

"बाई, जळलं का काई?"

"भुवई गेली."

"दोन्ही?"

"एकच. तू हासून काऊन राह्यली?"

दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यानं मडकं नाकाशी नेलं. तेवढ्यात त्याला नणंद दिसली. तिच्या उरलेल्या एका भुवईकडे तो बघत राहिला. मग त्यानं देवापुढचा दिवा हातभर लांब सरकवला आणि त्यानंतरच धार ओतली. सर्दीबद्दल काही बोलला नाही.

पुढच्या वर्षीची पाळी मला न भांडता मिळाली. कोंबडी यंदाच्याच पूजेत देवाला गेली. नणंदेची भुवई उगवते आहे, पण पांढरी.