ग्रेट ओशन रोडवरचं एक अंडं

सहाव्या वाढदिवसाला मुली काय मागतात? जंपिंग कॅसल, युनिकॉर्नचा केक, फार तर ससा. आमच्या इराने अंडं मागितलं.

साधंसुधं अंडं नव्हे. इथे आमच्या वेरिबी गावातच एका मैत्रिणीकडे तिने ते पाहिलं होतं. छोट्याशा कपात उभं केलेलं उकडलेलं अंडं, त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी आणि शेजारी लोणी लावलेल्या टोस्टच्या बोटभर रुंद पट्ट्या. टोपी काढायची, चमच्याने अंड्याचा माथा उडवायचा आणि आतल्या पातळ पिवळ्यात पट्टी बुडवून खायची. इंग्रज घरांमध्ये पिढ्यानपिढ्या पोरांना हा नाश्ता देतात आणि त्या ताठ पट्ट्यांना सोल्जर्स म्हणतात. 

"मग घरीच कर की," असं कमेंटमध्ये लिहायला ज्यांचे हात शिवशिवताहेत त्यांनी जरा थांबावं. माझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या अंडं खात नाहीत. त्या यायच्या आदल्या दिवशीच माझ्या नवऱ्याने, मंदारने, फ्रीजमधली सगळी अंडी शेजाऱ्यांना देऊन टाकली. कोणी सांगितलं नव्हतं, हा आपला मातृभक्तीचा उमाळा. तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं, पण म्हटलं, पाहुणपणात वाद नको.

म्हणून मी बाहेरची वाट शोधली. ग्रेट ओशन रोडवर, अपोलो बेच्या पुढे डोंगरात एक फार्मस्टे सापडला. त्यांच्या वेबसाइटवर चक्क टोपी घातलेल्या अंड्याचा फोटो होता, खाली लिहिलेलं, 'मुलांसाठी खास'. दोन खोल्या बुक केल्या. फोन करून बाकीचं बोलून घे, एवढं एकच काम मंदारकडे दिलं.

शनिवारी सकाळी निघालो. वेरिबीहून जिलॉंगपर्यंत सरळसोट फ्रीवे, तिथून टॉर्कीला वळलात की समुद्र लागतो. जाणाऱ्यांना माझा सल्ला असा की शाळांच्या सुट्टीत जाऊ नका. आम्ही गेलो. लॉर्नला पार्किंगसाठी इतक्या चकरा मारल्या की गावातले कुत्रे आम्हाला ओळखू लागले. एका सँडविचला बावीस डॉलर, तेही गारढोण. मी काउंटरवर तसं सांगितलं तर तो मुलगा हसून "नो वरीज" म्हणाला. अरे, वरी मला आहे! शेवटी सासूबाईंनी पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि आम्ही समुद्राकडे तोंड करून पोटभर जेवलो. तुम्हीही डबा घेऊनच जा.

लॉर्नच्या पुढे रस्ता नुसता वळणांचा. उलटीची गोळी आधी घ्या, नंतर उपयोग नाही. केनेट रिव्हरला झाडावर एक कोआला होता आणि त्याच्याखाली चाळीस माणसं मोबाइल उगारून उभी होती. सासूबाई म्हणाल्या, "बिचाऱ्याला झोपू तरी द्या." मला अगदी पटलं.

इरा मात्र कशानेच रमत नव्हती. "आर वी देअर यट?" आणि "विल इट हॅव अ हॅट?" एवढे दोनच प्रश्न पाळीपाळीने. सासूबाईंनी विचारलं, "कशाची हॅट गं?" तर मंदारने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने व्हेल माशांचा विषय काढला.

फार्मस्टे सुरेख होता, खोटं कशाला बोलू. हिरवे डोंगर, गाई, खोल्यांमध्ये हीटर. तो चालवणाऱ्या मार्गारेट आजींचे इंग्रज आईवडील यॉर्कशायरहून इकडे आलेले. संध्याकाळी त्यांनी इराला फडताळातले अंड्याचे कप दाखवले. एकावर कोंबडा, एकावर निळे पट्टे. इराने निळ्या पट्ट्यांचा पसंत केला आणि झोपताना मला तीनदा त्याची आठवण करून दिली.

रविवारी वाढदिवस. सकाळी मोठ्या टेबलावर आम्ही चौघं आणि ॲडलेडचं एक कुटुंब होतं. त्यांच्या दोन्ही मुलांपुढे कप आले, टोप्या आल्या, सोल्जर्सची रांग आली. इरा दोन्ही हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी बसली होती. तिच्यापुढे आली फळांची बशी, आणि कलिंगडाच्या फोडीत खोचलेली एक मेणबत्ती.

तिने बशीकडे पाहिलं, त्या मुलांकडे पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "आई, डिड आय डू समथिंग नॉटी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ब्राउन माणसं दिसली की अंडं खात नसणार, असं यांनी परस्पर ठरवलं तर! बारा वर्षं या देशात काढल्यावर असल्या गोष्टींचा वास मला लांबूनही येतो. मी ताडकन उठून स्वयंपाकघरात गेले आणि इंग्रजीत जे काय बोलायचं ते बोलले. मार्गारेट आजींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पडला होता. "पण डिअर, तुझ्या नवऱ्यानेच फोनवर सांगितलं. तुमच्यापैकी कुणापुढेही अंडं ठेवू नका म्हणाला. मला फार वाईट वाटलं, म्हणून निदान मेणबत्ती लावली."

मी त्यांची माफी मागितली. मनापासून मागितली, पण घाईघाईत, कारण आता मला टेबलावर काम होतं.

मी पोचले तेव्हा मंदार इराच्या कानाशी वाकून समजूत घालत होता. "बेटा, थोडेच दिवस. आजी पुण्याला गेली ना, की रोज देईन. प्रॉमिस."

इराने डोळे पुसले. मग समोर बसलेल्या सासूबाईंना तिने अगदी निरागसपणे विचारलं, "आजी, तू कधी जाणार?"

सासूबाईंचा चहाचा कप ओठाजवळच थांबला. "का गं सोन्या?"

"सो आय कॅन हॅव माय एग. विथ सोल्जर्स. इन द ब्ल्यू कप."

सासूबाईंना इंग्रजी उत्तम कळतं. त्यांनी कप खाली ठेवला, समोरच्या मुलांच्या टोप्या पाहिल्या, कलिंगड पाहिलं आणि मग मुलाकडे वळल्या. मी भांडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"मंदार, मी काय पोरीच्या तोंडचा घास काढायला आले इतक्या लांब?"

"आई, तुला वास सहन होत नाही म्हणून..."

"मला विचारलंस? एकदा तरी? पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. मधल्या सुट्टीत पोरांच्या पंक्तीत बसून डबा खायचे. कोणाच्या डब्यात अंडं असायचं, कोणाच्या सुकट. कधी कोणाला उठवलं नाही. आणि माझ्याच नातीला मी उठवीन? ती आता दिवस मोजतेय माझ्या जाण्याचे! हे कुणी केलं? मी केलं?"

मंदार "आई, लोक बघताहेत," एवढंच म्हणाला.

"बघू देत."

त्या उठल्या, पदर खोचला आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, प्लीज गिव्ह माय ग्रँडडॉटर वन एग. विथ सोल्जर्स. अँड दॅट ब्ल्यू कप."

अंडं आलं. इराने टोपी काढली, माथा उडवताना निम्मं कवच आत पाडलं आणि पहिला सोल्जर बुडवला. सासूबाई समोरच बसल्या होत्या. वास येत होता त्यांना, उगाच कशाला सांगू की येत नव्हता. त्यांनी खुर्ची जराशी खिडकीकडे सरकवली, पण उठल्या नाहीत. पिवळं इराच्या हनुवटीवरून ओघळलं, तेव्हा आपल्याच रुमालाने पुसलं. नंतर तो रुमाल बेसिनमध्ये साबण लावून दोनदा धुतला आणि परतीच्या प्रवासात गाडीच्या खिडकीशी वाळत घातला.

ट्वेल्व्ह अपॉसल्स त्याच दुपारी पाहिले. समुद्रात उभे उंच खडक, फुकट बघायला मिळतात, वारा कानफटात मारतो. कानटोपी न्या. बाराच्या बारा उभे नाहीत हे मला तिथे गेल्यावर कळलं, त्याचाही थोडा राग आला. परतताना वळणं टाळायची असतील तर आतून कोलॅकमार्गे या. गाडीत मंदारशी कोणी बोलत नव्हतं, इराखेरीज.

घरी येऊन आठवडा झाला. माझा राग अजून पुरता गेलेला नाही आणि जाऊ नये असंच मला वाटतं. सासूबाईंसाठी म्हणून आम्ही जे जे लपवलं, त्यात त्यांनाच वाईट ठरवत होतो. आपल्यातली कितीतरी घरं हेच करतात आणि त्याला मान राखणं म्हणतात.

काल पुण्याहून सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी विचारलं, "नात काय खाते गं सकाळी? आपलं खाते ना?" मंदार लगबगीने पुढे वाकला. "हो मावशी, पोहे, उपमा, सगळं..."

सासूबाईंनी त्याच्या हातून फोन काढून घेतला.

"अंडं खाते," त्या म्हणाल्या. "पातळ पिवळ्याचं. आणि मी समोर बसते."