दुसऱ्या पापुद्र्यापाशी

कल्पना करा, तुमच्या डाव्या हाताच्या दोन बोटांत वाटाण्याएवढा मोती आहे. माणसाचा हात न लागता समुद्रातल्या शिंपल्यात तयार झालेला, हजारो शिंपले उघडल्यावर एखादा सापडावा तसला. पण तो मंद पडलाय, वरची साल खडूसारखी झालीय. उजव्या हातात बारीक पातं. मोती आतून कांद्यासारखा असतो, पापुद्र्यावर पापुद्रा. वरचा काढला तर खाली लखलखीत थर निघेल, किंवा आणखी खडू, किंवा अगदी मधे तपकिरी मातकट गाभा. काढल्याशिवाय कळत नाही, आणि काढलेला परत चिकटत नाही. तुम्ही श्वास रोखून पातं टेकवता. आणि कुठे थांबायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. ते खिडकीपाशी बसलेला माणूस ठरवणार.

हे काम ती वीसेक वर्षं करत होती. मोती चिमटीत धरायची पद्धत अशी की तो कधी सुटला नाही, म्हणून लहानपणीच अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला चिमटी म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. खिडकीपाशी अप्पा बसत. सोलणाऱ्याने ठरवायचं नाही हा नियम आजोबांपासूनचा. आजोबांनी एकदा एकट्याने मोती सोलायला घेतला होता. प्रत्येक थराला त्यांना वाटलं, खालचा याहून बरा असेल. शेवटी बोटांत मोहरीएवढा दाणा उरला, तोही काळा. तेव्हापासून घरात एकाने सोलायचं आणि दुसऱ्याने बघायचं. बघणारा 'अजून' म्हणेल किंवा 'थांब'. सोलणाऱ्याने तोंड उघडायचं नाही.

दुकान वरच्या मजल्यावर एका खोलीत होतं. उत्तरेची खिडकी, कारण तिथून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. टेबलावर करडं कापड, पितळी चाळण्यांची उतरंड, भिंग. फरशीतली प्रत्येक फट बुजवलेली, उंबऱ्याला मोती घरंगळून जाऊ नये म्हणून आडवी पट्टी. दाणा पडल्याचा आवाज आला की खोलीतल्या सगळ्यांनी होतं तिथे पाय रोवून उभं राहायचं, दाणा सापडेपर्यंत. दादा, तिचा थोरला भाऊ, विक्री बघायचा. तो म्हणे, आपल्याकडे गिऱ्हाईक येत नाही त्याला कारण आहे, पाय कुठे ठेवावा हेच त्याला कळत नाही.

सहा वर्षांपूर्वी चिमटीला एक स्थळ आलं होतं. माणूस इमारतींचे आराखडे काढायचा. दुकान बघायला वर आला तेव्हा नेमका एक दाणा टेबलावरून उडाला, आणि कुणी काही सांगायच्या आत तो दारातच एक पाय उचललेला तसा उभा राहिला. बगळ्यासारखा. दाणा सापडेपर्यंत. चिमटीला हसू आवरलं नाही आणि तो तिच्या मनात भरला. अप्पांनी खिडकीपाशी बसूनच त्याच्याकडे तोंड वळवलं, आणि तो गेल्यावर म्हणाले, "वरून बरा आहे. आत काही नाही." त्या घरात अप्पांच्या नजरेवर अपील नव्हतं. चिमटीने पातं उचललं आणि कामाला लागली.

मग हळूहळू काही गोष्टी होऊ लागल्या. अप्पा खिडकीची काच पुसायला सांगत, ती पुसून जेमतेम तास झालेला असे. वहिनी चहा घेऊन वर आली की, "ठेव चिमटे," म्हणत. दाणे बघण्याऐवजी तळहातावर बराच वेळ घोळवत. दादाने डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, डॉक्टर मोती बघायला माझ्याकडे येतो, मी त्याच्याकडे कशाला जाऊ? चिमटी रोज त्यांच्या शेजारी बसत होती. तिलाही ते दिसत होतं. म्हातारपण म्हणून तिने ते बाजूला सारलं.

पुढे एका वर्षी एक जुना दलाल हार घेऊन आला. गिऱ्हाईकाच्या तीन पिढ्यांनी दाणा दाणा जमवलेला, मधली जागा रिकामी. तिथे बसेल असा मोती अप्पांकडे होता. एका मोडीत निघालेल्या दागिन्यातून त्यांनी तो दादाला न विचारता घेतला होता आणि त्यासाठी दुकानाची शिल्लक घातली होती. मोती आकाराला देखणा, पण साल मेलेली. दादा भडकलाच होता. त्याने सरळ सांगितलं, की हा मोती हारात बसला तर जुना धंदा चालू द्या, माझी ना नाही. नाही बसला तर या खोलीत कल्चर मोती येतील. कल्चर मोत्यात माणसाने घातलेला मणी असतो आणि वर नखाइतका पातळ थर. तो सोलला तर मणीच हातात येणार. म्हणजे चिमटीच्या हातांना तिथे काही काम नव्हतं, आणि त्या हातांपायीच तर ती या घरात राहिली होती.

शुक्रवारी दलाल येणार होता. गुरुवारी सकाळी दोघं बसली. दादा दाराशी उभा.

पहिला पापुद्रा सहज निघाला. खाली फिकट थर, थोडंसं पाणी, म्हणजे चमक. अप्पांनी मोती हातात घेतला, फिरवला. "अजून."

दुसरा निघायला दुपार झाली. शेवटची कपची गळून पडली आणि चिमटीचा हात थांबला. मोत्यात खिडकी उभी होती. चांगल्या मोत्याची खूण हीच, समोरची वस्तू त्यात रेखीव दिसते. चारही काचा, मधला गज, गजावर वाळत टाकलेलं फडकंसुद्धा. एवढं पाणी तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने मोती अप्पांच्या तळहातावर ठेवला आणि वाट पाहिली.

अप्पांनी तो उजेडात धरला. दूर नेला, जवळ आणला.

"अजून."

चिमटीने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. "अप्पा, परत एकदा बघता का?"

"चिमटे, तुझं काम हाताचं."

तिने दादाकडे पाहिलं. दादाला सोलण्यातलं काही कळत नव्हतं, तो घड्याळ बघत होता. तिने पातं टेकवलं. वाटलं असतं तर ती हात नुसता हलवू शकली असती, सोलल्याचं सोंग करू शकली असती. पण वीस वर्षांत हाताला ते शिकवलेलंच नव्हतं. तिसरा पापुद्रा सुटला आणि त्याच्याबरोबर मोत्याची एक बाजूच निघून आली. खाली तपकिरी गाभा, त्याला चीर.

मोती अप्पांच्या हातात गेला. त्यांनी तो तळहातावर न घोळवता दोन बोटांत उजेडात धरला, दूर नेला, जवळ आणला, आणि समाधानाने मान हलवली.

"आता थांब. छान झालाय."

खोलीत दाणा पडल्यासारखी सगळी जागच्या जागी उभी राहिली.

शुक्रवारी दलाल आला. डबी उघडून त्याने पाहिलं, चिमटीकडे पाहिलं, डबी मिटली. अप्पा कौतुकाची वाट बघत बसले होते. दलाल जुना माणूस, म्हणाला, रंग जुळत नाही हो अप्पा, आमचंच नशीब. आणि हार घेऊन निघून गेला.

त्याच महिन्यात दादाने अप्पांना जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मोत्याच्या व्यापाऱ्याला मोतीबिंदू म्हटल्यावर गल्लीत व्हायचे ते विनोद झाले. ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाल्यावर अप्पा घरी आले ते थेट जिना चढून वर. डबी मागितली. खिडकीपाशी बसून तो फुटका दाणा त्यांनी बराच वेळ पाहिला.

"दुसऱ्या पापुद्र्याला," ते म्हणाले, "यात खिडकी दिसली होती का?"

"नाही," चिमटी म्हणाली.

अप्पांनी मान डोलावली. डबी मिटून तिच्या हातात दिली, भिंत धरून खाली उतरले, आणि पुन्हा त्या खोलीत आले नाहीत.

आता वर कल्चर मोती आहेत. ते पिशव्यांतून येतात, किलोवर. चिमटी त्यांचे सर ओवते. एखादा दाणा पडला तर कुणी थांबत नाही, संध्याकाळी केरात निघतो. उंबऱ्याची पट्टी दादाने उखडून टाकली, गिऱ्हाईक अडखळतं म्हणून. अप्पा खाली दाराशी बसतात. चष्मा न लावता पेपर वाचतात, रस्त्यातून जाणारा माणूस लांबून ओळखतात. चिमटी चहा घेऊन गेली की तिच्या चेहऱ्याकडे बघतात आणि मग पेपरात बघतात.

मोत्याबद्दल तिला काही विचारायचं नाही. तो गेला. पण कप ठेवताना रोज एक प्रश्न तिच्या ओठांवर येतो आणि ती तो तसाच वर घेऊन जाते. अप्पा, तुम्हाला दिसेनासं झालं ते नेमकं कधीपासून? त्या दिवशी दारात एक पाय उचलून तो माणूस उभा होता, तो तरी तुम्हाला दिसला होता का?