गाऱ्हाणं चुकवण्यासाठी जर्मन

मी जर्मन शिकलो ती गाऱ्हाणं चुकवण्यासाठी. शिरोड्यात लोकांना वाटायचं, हा परदेशी जाणार. वाटू दिलं.

आमच्या घरी दरवर्षी देवापुढे नारळ ठेवून घरातल्या थोरल्याने मोठ्याने ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात करून मालवणीत मागणं मागायचं, हे गाऱ्हाणं. प्रत्येक मागणीला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. थोरला मुलगा मी, आणि मालवणीत माझी जीभ सर्वांत जास्त अडते. परक्या भाषेत मात्र मजा असते. अडखळलं तरी समोरचा म्हणतो, नवा आहे बिचारा, शिकेल. कानडीत दोन वर्षं अशीच सुखात काढली. मग कानडी बरी यायला लागली आणि तोतरेपणा बाडबिस्तरा घेऊन तिथेही राहायला आला. मी जर्मन धरली.

अर्धांगवायूने बाबांचं तोंड वाकडं झालं त्या वर्षी ते म्हणाले, “औंदा गाऱ्हाणा तू घाल रे.”

“प-प-पणजेक जर्मनची परीक्षा आसा माजी.”

परीक्षा कसली! कणकवलीच्या स्टँडवर दिवसभर बसून राहिलो. इकडे बाबांनी वाकड्या तोंडाने गाऱ्हाणं घातलं. एक शब्द कुणाला कळला नाही म्हणे. पोरं हसली. पुढल्या नारळाला बाबा नव्हते.

त्यांचं वर्षश्राद्ध आटपल्यावर मी नारळापुढे उभा राहिलो.

“बा-बा-बा-बा...”

“व्हय म्हाराजा!” काका ओरडले. अजून मी काही मागितलंच नव्हतं.

“मेल्या, देवाक तरी येव दी!” काकी त्यांच्यावर खेकसली. सगळे हसले. देवही हसला असावा, त्याला दुसरं काम काय. मी अडायचो, काका त्या खिंडीत ‘व्हय म्हाराजा’ घुसवायचे. पोरांना शाळा, माडांना पाणी, म्हशीला दूध, सगळं मागून झालं. पाऊण तास लागला. मग तोंडातून आलं, “परीक्षा नाय हुती. मी बाबांक ख-खोटा सांगितलंय.”

“व्हय म्हाराजा!” सवयीने सगळे म्हणाले.

नारळ फोडायला कोयता देताना काकी हळूच म्हणाली, “बापाशीक म्हायत हुता तुज्या.”

“काय म्ह-म्हणाले?”

“तो म्हणालो, ‘येतलो तो गाऱ्हाण्याक. भाषा संपल्यो की येतलो.’”