कडी लागते का?

केजच्या बसस्टँडमागच्या गल्लीत दोन महिने एकच कुजबुज चालली होती. रहमतुल्ला ड्रायव्हरनं सदुसष्टाव्या वर्षी पालीला बाई ठेवली.

बातमीचा उगम पक्का होता. बीडच्या वाटेवर पालीला धरणाच्या कडेला चहाची टपरी चालवणाऱ्या गहिनीनाथनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आठवड्यातून दोनदा, दुपारच्याला, रहमतुल्लाची जुनी जीप यायची. मागच्या सीटवरून एक बुरखेवाली उतरायची. दोघं बिंदुसरेच्या पाण्याकडे तोंड करून बसायचे, पेरू खायचे आणि निघून जायचे. पेरूपर्यंत बातमी आली की ऐकणाऱ्याचा विश्वास बसायचा. थापा मारणारा माणूस एवढ्या बारकाव्यात शिरत नाही, असं केजचं मत आहे.

भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या चंद्रभागाबाईनं तर हळहळून घेतलं. "हाफिजा बिचारी दोन वर्सं झाली, उंबऱ्याच्या भाईर न्हाई. गुडगे चोळत बसलीय घरात. आन् ह्यो बाबा तिकडं पेरू खातोय!"

रहमतुल्लाच्या कानावर हे आलं नसेल असं नाही. केजमध्ये ज्याची अफवा त्यालाच ती आधी ऐकू येते. पण त्या दिवसांत त्याच्या डोक्यात अमेरिका होती, आणि अमेरिका एकदा डोक्यात शिरली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना जागा उरत नाही.

अडतीस वर्षं त्यानं केज-बीड काळी-पिवळी चालवली. उन्हाळ्यात आणि लग्नसराईत तीच जीप सहलीला निघायची: पैठण, खुलताबाद, वेरूळ. गाडी त्याच्याहून जोरात हाकणारे पन्नास होते. रहमतुल्लाचं नाव होतं ते थांब्यांसाठी. त्याच्याकडे एक लांबोडकी वही होती. कुठल्या पंपावर पाणी गोड, कुठल्या झाडाखाली दुपारी दोनलासुद्धा सावली राहते, कुठल्या हॉटेलात मालक पोरांना ओरडतो, सगळं तिच्यात. पहिला थांबा घरापासून अर्ध्या तासाच्या आत घ्यायचा हा त्याचा कायदा, कारण माणूस घरी काय विसरला हे त्याला अर्ध्या तासानंच आठवतं. आणि प्रत्येक थांब्याच्या नावापुढे एक खूण असायची. बायकांच्या संडासाची आतली कडी लागत असेल तर बरोबरची, नसेल तर फुली. फुलीच्या जागी तो थांबायचा नाही, मग तिथली भजी कितीही नावाजलेली असोत. एकदा वेरूळच्या वाटेवर एक मास्तर उशीर होतो म्हणून कावला, तेव्हा रहमतुल्ला म्हणाला होता, "गुरुजी, लेणी हजार वर्सं थांबलीत. आनखी अर्धा तास थांबतील. बाया थांबणार न्हाईत."

त्याची मुलगी नाजिया सात वर्षांपासून शिकागोला. जावई फराज बीडच्या फळवाल्यांच्या घरातला, तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोघांनी मिळून आठ दिवसांची रजा साठवली आणि फोन केला. अब्बा-अम्मींनी सप्टेंबरात यायचं. गाडीनं निघायचं, मिसिसिपी नदी बघायची, मक्याच्या कणसांनी मढवलेला महाल बघायचा, पुढं उजाड डोंगर, आणि शेवटी ज्या कड्यात चार राष्ट्राध्यक्षांची तोंडं कोरलीत तो डोंगर.

हाफिजानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माजी अमेरिका टीव्हीवर बगून झालीय. तुमी जा."

फोनवर नाजिया रडली. हाफिजा बधली नाही.

फोन ठेवल्यावर रहमतुल्लानं विचारलं, "कावून न्हाई म्हनतीस? गुडग्याचं कारन मला नको सांगू. गुडगे गल्लीसाठी ठेव."

हाफिजा ओढणीचं टोक पिळायला लागली. बीडच्या डॉक्टरनं पायाच्या सुजेवर पाण्याची गोळी दिली होती. गोळी गुणाची, सूज उतरली. पण तेव्हापासून तिला दर थोड्या वेळानं लघवीला जावं लागायचं. त्या लाजेनंच तिनं बाहेर पडणं सोडलं होतं.

"विमानाचं मला काय न्हाई," ती म्हणाली. "त्यात संडास हाय म्हनं. पन गाडीत? गाडी कोन चालवनार? जावई. जावयाला म्हनू, बाबा, थांबव, सासूला जायचंय? आन् तेबी पाच-पाच वेळा? त्यापेक्षा मी हितंच मरीन."

एवढ्यासाठी सात वर्षं न भेटलेली लेक तशीच राहणार होती. रहमतुल्ला उठला, फळीवरून कोरी वही काढली.

"जावयापुढं तोंड उघडायची पाळी तुझ्यावर येनार न्हाई," तो म्हणाला. "एकदाबी न्हाई. ड्रायव्हरचा शब्द हाय."

"आन् आली तर?"

"तर वही जाळून टाक."

दुसऱ्या दिवशी त्यानं नाजियाला कळवलं: सहलीचं नियोजन मी करणार. तुम्ही नुसतं स्टेअरिंग धरायचं.

त्यानंतर रोज सकाळी त्याचा मुक्काम आसाराम शिंप्याच्या दुकानात, कारण तिथं फोनला रेंज चांगली. नाजिया तिकडे रात्रीचं जेवण उरकून नकाशा उघडून बसायची. ती नाव घ्यायची, रहमतुल्ला विचारायचा, "कडी लागते का?"

"अब्बा, अमेरिका आहे. सगळीकडे कडी लागते."

"तू लावून बगितलीस का?"

"नाही."

"मग फुली."

आसारामनं मशीन थांबवलं. लहानपणापासूनचा दोस्त, त्यामुळे तोंडाला लगाम नाही. "बे रहमत, अमेरिका बगाया चाललास का मुताऱ्या तपासाया?"

"तू काज-बटन बग," रहमतुल्ला म्हणाला आणि पुढच्या गावाचं नाव विचारलं. खरं कारण आसारामला सांगणं म्हणजे बसस्टँडच्या भोंग्यावर सांगणं.

पोरांनाही ते कळू द्यायचं नव्हतं. नुसते थांबे मांडले तर फराज विचारणार, इथं कशाला? म्हणून प्रत्येक थांब्यावर बघण्यासारखं काहीतरी हवं होतं. नाजियानं शोधून शोधून माहिती पुरवली. एका गावाबाहेर अवाढव्य गाईचा पुतळा. दुसरीकडे चीजचं दुकान. कुठं जुना पूल, कुठं पवनचक्की, कुठं चर्चचं घंटाघर. रहमतुल्लानं सगळं लिहून घेतलं.

"अब्बा, पुतळ्यातली गाय बघायला तुम्ही अमेरिकेला येणार?"

"मला गाई आवडतात."

"कधीपासून?"

"लहानपनापासून. तुला सांगायचं राहून गेलं."

वही भरली. रहमतुल्लानं पानांचे फोटो काढून फराजला पाठवले आणि कौतुकाची वाट बघत बसला. दोन दिवसांनी जावयाचा फोन आला. आवाजात अदब होती, पण अदबीच्या खाली हसू दाबलेलं.

"अब्बा, हे तीस-तीस किलोमीटरवर थांबायचं म्हणताय. म्हणजे दर अठरा मिनिटांनी?"

"अठरा कशी? तीस किलोमीटरला पाऊन तास लागतो."

"इथं नाही लागत."

रहमतुल्ला सावध झाला. "खड्डे?"

"नाहीत."

"उसाचे ट्रॅक्टर? दोन-दोन ट्रॉल्यावाले?"

"नाहीत, अब्बा."

"गावोगाव गतिरोधक तर असतील?"

"हायवेवर एकही नाही."

रहमतुल्लाला अमेरिकेची पहिल्यांदाच दया आली. "मग ड्रायव्हर जागा कसा राहतो?"

अडतीस वर्षांत त्यानं अंतर कधी किलोमीटरमध्ये मोजलंच नव्हतं. किलोमीटर हे मैलाच्या दगडाला लागत, त्याला वेळ लागायचा, आणि वेळ केजच्या रस्त्याचा. त्या हिशेबानं पहिल्या रात्रीच्या मुक्कामाला मंडळी सकाळी अकरालाच पोचणार होती. दुसरा कोणी असता तर वही मिटून म्हणाला असता, तुमच्या फोनमध्ये जे दाखवतंय तसं करा. रहमतुल्लानं आसारामकडून पट्टी मागून घेतली, पंचाहत्तर किलोमीटरला पाऊण तास धरला आणि चार दिवसांत सगळी वही नव्यानं लिहिली. निम्म्याहून जास्त थांबे गळाले. गाय राहिली.

हाफिजानं वही हातात घेतली. वाचता तिला येत नव्हतं. तिनं नुसत्या बरोबरच्या खुणा मोजल्या. सगळ्या मोजून झाल्यावर म्हणाली, "माज्या बॅगेला नवी चैन बसवून आना."

सप्टेंबरात ते शिकागोहून निघाले. फराज स्टेअरिंगवर, त्याच्या शेजारी वही मांडीवर घेऊन रहमतुल्ला, मागे मायलेकी. अर्ध्या तासात पहिला थांबा आला तेव्हा फराज हसला. "अब्बा, इथं बघायला काहीच नाही."

"इथं आठवायचं असतं. आठवा."

सगळे आठवत उभे राहिले, आणि नाजियानं कपाळावर हात मारला. अम्मीच्या गोळ्यांची पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिली होती. परत जाऊन आणली. तेव्हापासून फराजनं वहीवर विनोद करणं बंद केलं.

तीन दिवस वही घड्याळासारखी चालली. पाऊण तास झाला की गाय यायची, चीज यायचं, पूल यायचा. रहमतुल्ला खाली उतरून मोठ्यानं म्हणायचा, "वा! बगन्यासारखं हाय!" आणि पुतळ्याला फेरी मारायचा, तोवर हाफिजा लेकीचा हात धरून जाऊन यायची. मिसिसिपीच्या काठावर तिनं चप्पल काढून पाय बुडवले. मक्याच्या महालापाशी तिनं भिंतीवरची कणसं बोटानं चाचपून बघितली आणि म्हणाली, "एवडी कनसं भिंतीला! कोंबड्यांनी काय घोडं मारलं?"

महालापाशी गर्दी होती. रहमतुल्लानं घड्याळ बघून सगळ्यांना हाकललं, कारण पुढचा थांबा टायमात यायला हवा होता. आणि त्याच रस्त्यावर घोळ झाला. पुढे रस्त्याचं काम. गाड्या एकामागे एक, मुंगीच्या चालीनं. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला मका, आणि वहीतला थांबा अजून वीस किलोमीटर लांब.

पाऊण तास झाला. तास झाला. रहमतुल्लानं मान वळवून मागे बघितलं. हाफिजानं पुढच्या सीटची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि डोळे मिटले होते. चाळीस वर्षांचा संसार. ते मिटलेले डोळे त्याला समजले. त्यानं ठरवलं, आपणच म्हणू, मला जायचंय. घसा साफ केला.

त्याच्या आधी मागून आवाज आला.

"फराज मियाँ, गाडी कुटंतरी घ्या. मला लघवीला जायचंय."

रहमतुल्लानं मांडीवरच्या वहीवर हात ठेवला, जसा कोणी मयताच्या चादरीवर ठेवतो.

फराजनं मोठा श्वास सोडला. "अम्मी, अल्ला तुमचं भलं करो! मला त्या महालापासून जायचंय. तिथं रांग होती, आणि अब्बांनी हाकललं. वहीत थांबा नाही म्हणून गप्प बसलोय."

"तुमी बी?"

"घामाघूम झालोय, अम्मी. अब्बांना सांगायची हिंमत होत नव्हती."

नाजियाला आधी हसू फुटलं. मग हाफिजाला. ती हसायला लागली, मध्येच थांबली आणि ओरडली, "नका रे, आता हसवू नका!" त्यावर तर फराजला स्टेअरिंग आवरेना.

पुढच्या फाट्याला त्यानं गाडी आत घातली. धान्याची दोन उंच कोठारं आणि एक पंप, एवढंच गाव. पंपावरच्या म्हातारीनं किल्ली दिली. संडास एकच. फराज पाय आपटत उभा राहिला, पण पहिला मान सासूला दिला. रहमतुल्लानं तिथं ना गाय शोधली, ना पूल.

हाफिजा बाहेर आली, ओढणी सारखी केली आणि नवऱ्याला म्हणाली, "वही द्या इकडं."

"जाळनार?"

"येडे का खुळे? लिवलंय चांगलं. पन इथून म्होरं थांबायचं कुटं ते मी सांगनार."

आणि तिनं सांगितलं. गरज असेल तिथं तर थांबवलंच, नसेल तिथंही थांबवलं. एका शेतापाशी उतरून मक्याच्या दोन ओळींतलं अंतर पावलानं मोजलं. चार तोंडांच्या डोंगरापुढं पाऊण तास बसली आणि विचारलं, "डोस्की झाली, बाकीचं अंग कोन करनार?" फराज तिला दर तासाला आपणहून विचारायचा, "अम्मी, जायचं?" आणि ती म्हणायची, "तुमाला असल तर चला."

परत आल्यावर तिनं चंद्रभागाबाईला चीजचा तुकडा दिला आणि त्याच आठवड्यापासून शुक्रवारच्या बाजाराला स्वतः जायला लागली. वाटेत तिला जावं लागतंच. तहसीलच्या आवारात कडी लागते, हे तिनं बाकीच्या बायकांनाही सांगून ठेवलंय.

राहिली पालीची ती बाई. ती हाफिजाच होती. गल्लीला कळू नये म्हणून बुरखा घालून मागच्या दारानं जीपमध्ये बसायची, आणि तिला एका बैठकीत किती वेळ निघतो ते रहमतुल्ला घड्याळ लावून बघायचा. पाऊण तास निघायचा. वाटेत मांजरसुंब्याला उतरावं लागायचं.