वाचले एक, लिहिले एक

अर्जदार: दिगंबर वल्द गोविंद, धंदा अर्जनवीस, राहणार खामगाव, बैठक तहसील कचेरीसमोर लिंबाखाली.

गैरअर्जदार: तोच.

नुकसान झालेले इसम: तुळशीराम वल्द संपत, धंदा शेती, राहणार अमडापूर, तसेच त्यांची मुलगी वच्छला, घटनेच्या वेळी येथील महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला.

घटनेचा काळ: महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती. दिवाळी सरली होती, कापूस बाजारात येऊ लागला होता. वेळ दुपारची.

साक्षीदार: एक स्टँपव्हेंडर, जे आता हयात नाहीत, आणि एक हॉटेलवाले, जे हयात आहेत, पण आपण कशाचे साक्षीदार आहोत हे ज्यांना आजही ठाऊक नाही.

हे मी चौदा वर्षे कोणालाही सांगितले नव्हते. पत्नीला नाही, मुलीला नाही, देवासमोरही नाही — देवासमोर बसलो की मी दुसरेच काही बोलत असे. तुम्हांला सांगतो आहे, कारण सांगितल्यावाचून आता गत्यंतर उरलेले नाही. ते का उरले नाही, हे ओघाने येईल. थोडा धीर धरावा. दुसऱ्यांच्या तक्रारी मी एका बैठकीत लिहून देतो. ही लिहिण्यास मला चौदा वर्षे लागली.

माझे शिक्षण मराठी सहावीपर्यंत. परंतु माझ्या अर्जावर ‘अर्थबोध होत नाही’ असा शेरा कोण्या साहेबाने कधी मारला नाही. वकील मंडळीसुद्धा मजकूर पाहून ‘हे दिगंबररावांचे अक्षर’ असे ओळखीत. याचा मला अभिमान होता, आणि तो लपवावा असे मला कधी वाटले नाही. माझ्या एकुलत्या मुलीला, कुसुमला, मी कॉलेजात घातले ते याच अभिमानापोटी. सहावी शिकलेल्या बापाची मुलगी पदवीधर होणार — कचेरीच्या आवारात हे मी किती जणांना ऐकवले असेल?

त्या वर्षी कॉलेजने मुलींचा बास्केटबॉलचा संघ काढला. मुरमाचे मैदान, चुन्याच्या रेघा, दोन टोकांना दोन लाकडी फळ्या, आणि ओढण्या कमरेला आवळून धावणाऱ्या दहा मुली. कुंपणाबाहेर गर्दी होई. मीही संध्याकाळी कचेरी सुटली की जाऊन उभा राही. कुसुम उंच होती, म्हणून खेळाच्या मास्तरांनी तिला पोस्टवर घेतले होते. पोस्ट म्हणजे बास्केटजवळ, बास्केटकडे पाठ करून उभी राहणारी खेळाडू. पण ती दुसरी होती. पहिली वच्छला.

वच्छला अमडापूरची. येथे मावशीकडे राहून शिकत असे. कुसुमपेक्षा बोटभर उंच, खांद्याने रुंद, चालताना जरा पोक काढणारी. खरे सांगतो, पहिले काही दिवस मला तिच्यात काहीच दिसले नाही. बाकीच्या मुली धावत, चेंडू आपटीत, उड्या घेत. ही नुसती उभी. घरी जेवताना मी तसे म्हणालोही. कुसुमने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी अर्ज उलटा धरून वाचत होतो.

“नुसती उभी? बाबा, मागून ढोपरं लागतात तिला. दोघी दोघी ढकलतात. ती हलत नाही म्हणून बॉल आत जातो. बॉल तिच्या हातात गेला की आम्हा चौघींना दम घ्यायला मिळतो.”

“आणि बास्केट कोण करते?”

“ज्याचं त्यानं करावं. ती देते.”

त्यानंतर मी नीट पाहू लागलो. चेंडू बाहेरून तिच्याकडे येई. तिला मागचे दिसत नसे, तरी मागे कोण आहे हे तिच्या पाठीला कळे. कधी ती वळून स्वतः टाकी. बहुतेक वेळा मोकळ्या झालेल्या मुलीला देऊन मोकळी होई. हुकलेला चेंडू फळीवरून परतला की तो तिच्याच हातात. रेघांच्या आत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे नाही असा नियम. म्हणून ती एक पाऊल बाहेर जाई, पुन्हा आत येई, पुन्हा बाहेर — कोणी न सांगता, कोणी न मोजता. मला हे सगळे कळले. येथेच माझी अडचण आहे. मला कळले नसते, तर आज काही पळवाट तरी राहिली असती.

विद्यापीठाच्या स्पर्धा अमरावतीला ठरल्या. संघात दोघींची नावे होती, परंतु पोस्टवर वच्छला खेळणार आणि कुसुम बाकावर बसणार, हे मास्तरांनी स्पष्ट केले. कुसुमला त्याचे काही वाटले नाही. मला वाटले. कारण मी कचेरीत सर्वांना सांगून बसलो होतो, की माझी मुलगी विद्यापीठात खेळणार. कचेरीतले वरचे कारकून, नाझर साहेब, यांनी तर ‘तुम्हीही जा हो, बघून या’ म्हणून सुचवले होते. आता काय सांगणार होतो मी? की ती बाकावर बसायला जाते आहे?

अद्याप मी मूळ गोष्टीवर आलेलो नाही. येतो.

परगावी जाणाऱ्या मुलींच्या वडिलांचे लेखी संमतीपत्र कॉलेजला हवे होते. तुळशीरामभाऊ कापसाची गाडी मार्केटात लावून थेट माझ्याकडे आले. त्यांना अक्षरओळख नव्हती. आल्याबरोबर म्हणाले, “पोरगी म्हणे, आबा, कुसुमच्या बाबांजवळूनच लिवून घ्या. थे लय झकास लिवतेत.”

मी कागद पुढे ओढला. शाईत टाक बुडवला. तेवढ्यात त्यांनी मला विचारले, “थे पोस्ट का काय म्हन्तेत, थे काय असते हो भाऊसाहेब? पोरगी सांगते, पन मले काही उमजत नाही.”

मी आपल्या पद्धतीने विस्ताराने समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि हसले.

“म्हंजे खळ्यातली मेढ. बैलं फिरतेत, मेढ जागची हालत नाही. मेढ हाल्ली का खळं गेलं.” मग म्हणाले, “हाव. आमची वच्छी तशीच हाये.”

मला जे कळायला महिना लागला, ते या माणसाला कापसाच्या गाडीवरून उतरता उतरता कळले. आणि ते खरे होते — त्यांच्या मुलीविषयी खरे होते, माझ्या मुलीविषयी नव्हते. त्या वाक्याने माझ्या मनात काय झाले, ते मी आजही नेमके लिहू शकत नाही. एवढेच लिहितो, की टाक कागदावर टेकला आणि मी हे लिहिले:

‘माझी मुलगी वच्छला हिला परगावी खेळावयास पाठविण्यास माझी सक्त हरकत आहे. तिच्या लग्नाची बोलणी चालू असून लोकांत चर्चा होणे इष्ट नाही. सबब तिचे नाव संघातून कमी करावे, ही विनंती.’

ते म्हणाले, “एकदा वाचून दाखवा.”

आणि मी वाचले: ‘माझी मुलगी वच्छला हिला परगावी खेळावयास पाठविण्यास माझी पूर्ण संमती असून तिच्या जाण्यायेण्याविषयी माझी काहीएक तक्रार राहणार नाही.’

अडखळलो नाही. डोळे कागदावरून ओळीओळीने सरकवले. जेथे पूर्णविराम होता तेथे थांबलो. त्यांचा अंगठा मी स्वतःच्या हाताने धरून शाईवर टेकवला आणि त्याखाली नेहमीचे वाक्य लिहिले — मजकूर वाचून दाखविला, तो ऐकून समजून अंगठा दिला. स्टँपव्हेंडर आणि हॉटेलवाले यांनी माझ्या शब्दावर सह्या केल्या. माझा शब्द म्हटल्यावर कोण वाचून पाहतो? त्यांचा दोष नाही. पाकीट मी चिकटवले. तुळशीरामभाऊंनी ते स्वतः नेऊन कॉलेजच्या कारकुनाच्या हातात दिले आणि गाडी जुंपून ते अमडापूरला गेले.

हा माझा गुन्हा. आता उरलेले ऐका, कारण तो तेवढ्यावर थांबला नाही.

मुख्याध्यापकांनी — आम्ही कॉलेजच्या साहेबांना मुख्याध्यापकच म्हणत असू — वच्छलाला बोलावून पत्र दाखवले. तिने ते दोनदा वाचले आणि परत दिले, असे कुसुम म्हणाली. रडली नाही. फक्त म्हणाली, “आबा माझ्यासमोर हो म्हणाले होते.”

मी अमरावतीला गेलो. मैदानाच्या कडेला मानाने उभा राहिलो. कुसुम पोस्टवर खेळली. मागून पहिला धक्का बसला आणि ती दोन पावले बाजूला सरली. पुन्हा धक्का, पुन्हा बाजूला. आमच्या चारही मुली सवयीने चेंडू त्या जागी टाकीत, आणि तेथे कोणी नसे. चेंडू रिकाम्या जागेतून बाहेर जाई. पहिलाच सामना गेला. परतताना गाडीत कुसुम खिडकीला डोके टेकवून बसली होती. “मला जमत नाही ते, बाबा. मला मागचं बघितल्याशिवाय राहवत नाही.” मी तिला म्हणालो, पंचाने अन्याय केला. पाहा — त्यातही मी दुसऱ्याचे नाव घातले.

पुढच्या महिन्यात तुळशीरामभाऊ पुन्हा आले. “पोरीचं नाव काऊन काटलं हो कॉलेजवाल्याइनं?” मी म्हणालो, मोठ्या लोकांच्या मनात काय येते कोण सांगणार.  ते म्हणाले, “पोरगी माझ्यासंग बोलून नाही राह्यली. संक्रातीले घरी नाही आली. मले वाटते, तिले माझी लाज वाटते. अंगठेबहाद्दर बाप.”

त्या क्षणी सांगता आले असते. समोर माणूस होता, तोंडात जीभ होती. मी काय केले? मी त्यांना कॉलेजच्या विरुद्ध तक्रार अर्ज लिहून देण्याची तयारी दाखवली.

“नको,” ते म्हणाले. “पोरगी तेथं शिकून राह्यली.”

चौदा वर्षे गेली. कुसुम पदवीधर झाली, अकोल्याला दिली. वच्छलाने पदवीनंतर खेळाच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम केला आणि बुलढाण्यात मुलींच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका झाली. बाप-लेकीचे जाणे-येणे सुरू झाले होते, पण पूर्वीसारखे नाही, असे कुसुमकडून कळे. मी ऐकून घेई आणि विषय बदली.

मागच्या महिन्यात तिच्या शाळेच्या मुली येथे सामन्याला आल्या. मी कुंपणाशी थांबलो. वच्छलाबाईंनी एका किडकिडीत मुलीला बास्केटखाली उभे केले होते. तिच्या पाठीवर तळहात ठेवून त्या सांगत होत्या, “मागून धक्का लागंल. लागू दे. गुडघे वाकव, बूड खाली घे, हात वर. आता ढकलते मी, बघू तू कुठं जाते.” त्यांनी ढकलले. मुलगी हलली नाही, आणि दोघी हसल्या.

त्यांनी मला ओळखले. “कुसुमचे बाबा ना तुम्ही?” म्हणून जवळ आल्या, नमस्कार केला. कुसुमची चौकशी केली. मग त्या दिवसांचा विषय निघाला आणि त्या सहज म्हणाल्या, “आबांनी तेव्हा मला पाठवलं नाही. लय राग होता मनात. आता नाही. आता म्हातारे झाले, मी माफ केलं त्यांना.”

ज्या माणसाने काही केलेच नाही, त्याला माफ करून टाकले होते. त्याला ठाऊकही नव्हते, की त्याच्यावर आरोप आहे. आणि तिचे मन मोठे म्हणून प्रकरण मिटले — माझ्या खोट्यावर कायमचा शिक्का बसून मिटले. तुम्हीच सांगा, यानंतर गप्प बसणे शक्य होते? मला वाटते, एखाद्या चांगल्या माणसाला ते मैदानावरच अशक्य झाले असते. मला आणखी नऊ दिवस लागले.

दहाव्या दिवशी मी सकाळच्या गाडीने अमडापूरला गेलो. तुळशीरामभाऊ ओट्यावर तुरीच्या काड्यांची टोपली विणत बसले होते. मी उभ्यानेच सांगितले. पत्रात काय लिहिले होते ते शब्दशः सांगितले. काय वाचले होते तेही सांगितले. त्यांनी हातातले काम थांबवले नाही. सगळे झाल्यावर विचारले, “म्हंजे वच्छीले वाटते, मी नाय म्हनलो?”

“हो.”

“चवदा साल?”

“हो.”

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरे वाटले असते. पण मला बरे वाटावे हे त्यांचे काम नव्हते. त्यांनी टोपली बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात रेटून उठले, आत जाऊन धुतलेले धोतर नेसून आले. सुनेला म्हणाले, “बुलढान्याची गाडी कितीले हाये व?” तिने सांगितले. ते चपला घालून चालू लागले. वयाच्या मानाने फार भराभर चालत होते. एसटीच्या थांब्यापर्यंत मी मागे राहून पाहत होतो. गाडी आली, आणि कंडक्टरने दार लावण्याआधी ते कोणालातरी मोठ्या आवाजात सांगताना मला ऐकू आले, “पोरीकडे चाल्लो.”

बुलढाण्यात काय बोलणे झाले हे मला माहीत नाही. विचारण्याचा मला अधिकार नाही. कुसुमला मी पत्राने सर्व कळवले आहे. तिचे कार्ड आले, त्यात एकच ओळ आहे: कॉलेजला अर्ज करा, आणि आपल्या सहीने करा.

सबब, महाविद्यालयाच्या प्राचार्य साहेबांच्या सेवेशी विनंती, की वर नमूद केलेले हरकतीचे पत्र आपल्या दप्तरात असल्यास ते तुळशीराम वल्द संपत यांचे नसून माझे आहे, अशी नोंद त्यावर घ्यावी. वच्छला तुळशीराम यांची विद्यापीठाच्या संघात पोस्टच्या जागेवर निवड झाली होती आणि त्यांच्या वडिलांची त्यास पूर्ण संमती होती, असे लेखी उत्तर त्यांच्या बुलढाण्याच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवावे. त्या पुढील पंधरवड्यात आपल्या मुलींना घेऊन अमरावतीला स्पर्धेस जाणार आहेत. उत्तर त्याआधी पोहोचावे. माझ्याविरुद्ध जी कारवाई योग्य वाटेल ती करावी. मी कचेरीसमोरच असतो.

या अर्जाची पोच मला देण्याचे कारण नाही.

सही, दिगंबर वल्द गोविंद.